बुंधा वर, मुळ्या खाली

ऐका, अन् आधीच ठणकावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर माझ्या तोंडात जे उरलेसुरले दात हायेत ते गळून पडोत, अन् मी उद्यापासून भाकर दुधात कुस्करून खाईन. माझ्यावर भरवसा नसंल तर अर्धापूरच्या बसस्टँडवर कुणालाबी इचारा. फक्त शीला सिस्टरला इचारू नका. ती सांगायची न्हाई.

शीला म्हणजे तिकडं अर्धापूरच्या बाजूला उपकेंद्रावर नर्स हाय ती. उंच, सावळी, चालती अशी की पायात स्प्रिंग बसवली. लई हुशार बाई. देवाचं करती, पण भूत-भानामती म्हणलं की हसून घराबाहेर काढती. तिला एक खोड हाय. समोर माणूस बसलं की तिची नजर त्याच्या तोंडावर न्हाई, छातीवर. लेकराला निमोनिया झाला का हे बघायला घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचे, हे तिला नोकरीत शिकवलेलं. ते इतकं अंगात मुरलं की लग्नाच्या पंगतीत वाढप्याचेबी श्वास मोजून मोकळी व्हायची. तिचा नवरा व्यंकट चेष्टा करायचा, झोपलो तर झोपू दे बाई, मेलो असंल तर सकाळी कळंलच.

व्यंकटची केळीची बाग, कॅनॉलच्या पलीकडं. घर गावात, बाग लांब. घरात हे दोघं, त्यांची पोरगी ज्ञानेश्वरी, दुसरीत जाणारी, तिला सगळे ज्ञानू म्हणायचे, अन् व्यंकटची माय रुक्मिणबाई. ही रुक्मिणबाई आधी गावातली बाळंतपणं करायची. दवाखान्यात नर्स आल्या, अन् म्हातारीचं काम बसलं. अन् बघा कसं असतं, त्यातलीच एक नर्स सून होऊन घरात आली. तरी दोघींचं चांगलं होतं. एकच गोष्ट म्हातारीच्या मनात सलायची.

ज्ञानू जन्मली दवाखान्यात. बाळामागून वार पडली ती दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली. रुक्मिणबाईनं हात पसरून मागितली, तर शीला खाटेवरूनच म्हणली, आत्याबाई, तसं देत न्हाईत, कायदा हाय. म्हातारी गुमान बसली. पण वर्षं गेली तरी बोलायची सोडली न्हाई. वार पुरली की माणसाला भुईत जागा मिळते, म्हणायची. माझ्या पोराची पुरली, माझी स्वतःची पुरली. ह्या पोरीला जागाच न्हाई. वाऱ्यावरची पोर हाय ही.

शीला हसायची, अन् कामाला लागायची.

त्या थंडीत घरोघर ताप-खोकला होता. फ्लूच होता, शीलानंच नमुने पाठवले होते. व्यंकट पडला अन् उठला, म्हातारी पडली अन् उठली. ज्ञानूला ताप आला, उतरला, पोरगी अंगणात उड्या मारायला लागली. शीलानं मनातल्या मनात हुश्श केलं.

मंग एका सकाळी तिला न्हाऊ घालताना शीलाचा तांब्या हातातच राहिला. पोरगी श्वास घेऊन राहिली होती, पण एकाच अंगानं. डावी बाजू वर-खाली, वर-खाली. उजवी बाजू भिंतीसारखी गप. नखं जराशी निळी. ज्ञानू म्हणली, मम्मी, पाणी टाक ना, थंडी वाजते.

नांदेडला छातीचा फोटो काढला. उजवं फुप्फुस पांढरंफटक, काळं म्हणून टिपूस न्हाई. तिथल्या डॉक्टरनं लातूरला एका ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, कारण लेकराच्या नळीत जाईल अशी बारीक दुर्बीण त्याच्याकडं होती. ॲम्ब्युलन्समधी शीला, पोरगी अन् म्हातारी. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. सगळ्या रस्त्यानं शीला पोरीचे श्वास मोजत बसली, अन् रुक्मिणबाई शीलाचं तोंड बघत बसली.

लातूरचे डॉक्टर राजशेखर, निलंग्याकडचे. बोलायला सावकाश, हाताला चपळ. पोरीला भूल देऊन आत घेतलं. बराच येळ गेला. मंग ते स्वतः बाहेर आले, अन् हातात ट्रे.

ट्रेमधी पांढरा, चिकट गोळा होता, भिजवलेल्या साबुदाण्याला हातानं दाबावं तसा. डॉक्टरनं वरून मिठाचं पाणी ओतलं. गोळा हळूहळू उलगडला. आधी एक जाड बुंधा. त्याला फांद्या. फांद्यांना फांद्या. त्यांच्या टोकाला केसावानी बारीक धागे, पाण्यात हलून राहिलेले. एवढंसं, पांढरं, पुरं झाड.

"सिस्टर, हे मी पुस्तकात बघितलं होतं," डॉक्टर म्हणले. "हातात पहिल्यांदा आलं. फ्लू गेल्यावर लाखात एखाद्या लेकराच्या छातीत असा साचा बसतो. आतल्या नळ्यांची जशीच्या तशी नक्कल. निघाला, हे नशीब. तपासायला पाठवू."

शीलाला रडू आलं, पण ते सुटकेचं. ती आत पोरीकडं पळाली. रुक्मिणबाई मात्र तिथंच वाकून उभी. तिनं त्या झाडाकडं कसं बघितलं ते शीलाला मंग आठवलं. बाजारात केळीची रोपं घेताना बुड उलटं करून बघत्यात ना, तसं.

झाड बाटलीत घालून खिडकीत ठेवलं होतं. दुपारी डॉक्टरचा माणूस न्यायला आला तर बाटली होती, पाणी होतं, झाड नव्हतं. झाडणारीवर ओरडाओरड झाली. ती बिचारी शपथा घेत राहिली. डॉक्टर हळहळले, पण पोरगी सुधारून राहिली होती, म्हून विषय तिथंच मिटला.

रुक्मिणबाई म्हणली, माझा जीव रमंना, मी गावाकडं जाते. शीला तिला एसटीत बसवून आली. म्हातारीच्या मांडीवर जेवणाचा स्टीलचा डबा. शीला म्हणली, आत्याबाई, रिकामा डबा हाय, खाली ठेवा की. म्हातारीनं तो दोन्ही हातांनी अजून घट्ट धरला.

पोरगी घरी आली, गाल भरले, शाळेत जायला लागली. उन्हाळ्याच्या तोंडाला शीला एक दिवस बागेत गेली, व्यंकटची भाकर घेऊन. बांधाजवळच्या कोपऱ्यात तिला हळद-कुंकू दिसलं, वाळलेला लिंबाचा पाला दिसला, अन् वर केळीची वाळली पानं नीट अंथरलेली दिसली. तिला कळायला येळ लागला न्हाई. घरी येऊन तिनं सासूला इचारलं, अन् सासूनं सरळ सांगितलं. हाव, मीच आणलं. पोरीच्या अंगातून निघालेली वस्तू, ती मी कुणा माणसाला बाटलीत घालून देऊ व्हय? मागं एकदा दिली, तेवढं बस झालं.

शीलाला राग आला, हसूबी आलं. डॉक्टरचा नमुना गेला तो गेला. मातीत गेलं, कुजून गेलं असंल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. उलट मनात आलं, म्हातारीच्या जीवाला शांती लाभली, बरं झालं.

दर आठवड्याला ती नळी लावून पोरीची छाती ऐकायची. डावीकडं स्वच्छ. उजवीकडं हवा चांगली यायची-जायची, कुठं अडत नव्हती. पण तिच्यात एक आवाज होता. वाळल्या केळीच्या पानावरून कुणी हळू हात फिरवावा, तसा. शीलानं नळी पुसली. व्यंकटच्या पाठीला लावून बघितली. तिथं काहीच न्हाई. परत पोरीला लावली. सर्र, सर्र.

मंग ते मोटरचं सुरू झालं.

बागेतली मोटर व्यंकट मोबाइलवरून चालू करायचा, लाइट येईल तेव्हा. त्याचा काही नेम नसायचा. एकदा दुपारी ज्ञानू पाटीवर पाढे लिहीत होती, अन् मान वर न करता म्हणली, मोटर चालू झाली. मंग खोकली. शीलानं बाहेर येऊन बघितलं, तर ओसरीवर व्यंकट फोन खिशात घालून राहिला होता. दोघं हसले. पोरीचे कान तिखट हायेत, म्हणले. पण बाग कॅनॉलच्या पलीकडं. तिथली मोटर गावात कुणाला ऐकू येणार?

परत झालं. व्यंकट बाहेरगावी असताना झालं, त्यानं तिकडूनच मोटर लावलेली. दर येळी आधी खोकला, अन् मंग पोरगी अंगाभोवती हात आवळून बसायची, गार पाण्यात उभं राहिल्यावानी. एकदा ती खोकली अन् रुमालावर काळं पडलं. शीलानं बोटावर घेतलं. कण होते. चुरचुरले.

तिनं ते डबीत घालून नांदेडच्या लॅबमधी दिलं. तिथल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला. जंतू काहीच न्हाईत, म्हणला. मंग त्यानंच इचारलं, सिस्टर, नमुना खाली पडला होता का? यात माती हाय. आपल्याकडची काळी माती.

शीलानं पोरीला जवळ घेऊन इचारलं, माती खाते का गं? लेकरं खात्यात. ज्ञानू न्हाई म्हणली. मंग हात काखेखाली, बरगडीवर ठेवून साध्या आवाजात म्हणली, "मम्मी, आज इथून एक गांडूळ गेलं."

त्याच दिवशी शीला बागेत गेली. ऊन डोक्यावर, वारा अजिबात न्हाई. केळीची मोठमोठी पानं खामोश लोंबत होती. लांब कुठं तरी ट्रॅक्टर. ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली अन् खाली बघितलं.

अंथरलेली वाळली पानं वर होत होती, खाली होत होती.

लई न्हाई. बोटभर. झोपलेल्या लेकराच्या अंगावरची चादर होते, तेवढीच. शीलाच्या मनात आधी बेडूक आला, मंग उंदीर आला. तिनं काठीनं पानं बाजूला सारली. खाली नुसती माती, ढीग करून थापलेली. ओलसर, काळी, अन् तिच्यावर एक तण न्हाई. ती मातीच हलून राहिली होती. वर आली की बारीक भेगा पडायच्या, खाली गेली की मिटायच्या.

शीलाच्या हातानं आपोआप घड्याळ धरलं. तिनं मिनिटभर मोजलं. आकडा मी सांगत न्हाई, पण तो तिला पाठ होता. रोज ती तोच आकडा मोजायची, पोरीच्या उशाशी बसून.

दुसऱ्या दिवशी तिनं ज्ञानूला शाळेतून परस्पर बागेत नेलं. बांधावर बसवलं. म्हणली, एक खेळ खेळू. मी म्हणलं की श्वास धरायचा, मी म्हणलं की सोडायचा. पोरीला मजा वाटली. तिनं गाल फुगवले अन् नाक दाबलं.

माती थांबली.

शीला मातीकडं बघत राहिली. सोड म्हणायचं राहूनच गेलं. शेवटी पोरीनंच हसत फुस्स करून सोडला, अन् ढिगाच्या भेगांतून गरम वारा शीलाच्या पायाच्या बोटांना लागला.

त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला अन् सासूला समोर बसवलं. व्यंकटला आधी वाटलं बायकोला उन्हाचा त्रास झाला. रुक्मिणबाईला मात्र काही नवल वाटलं न्हाई. पुरलं त्याला जागा लाभली, म्हणली, त्यात काय इपरीत हाय?

"आत्याबाई, तुम्ही ते पुरलं कसं?" शीलानं इचारलं. "वार पुरता तसं? आडवं ठेवून, मीठ घालून?"

म्हातारी म्हणली, "न्हाई. ते वारेवानी नव्हतंच. त्याला मुळ्या होत्या, तूबी बघितल्या की. म्हून मी लावलं. केळीचा कंद लावतो तसं. मुळ्या खाली, बुंधा वर."

 शीलाच्या डोळ्यापुढं दवाखान्यातला छातीचा तक्ता आला. गळ्यातून जाड नळी खाली येते, तिला फाटे फुटत्यात, फाट्यांना फाटे, अन् बारीक टोकं पार तळाला. जन्मभर केळी लावलेल्या बाईला त्या मुळ्या वाटल्या. तिनं ते झाड जसं पोरीच्या छातीत होतं, अगदी तसंच उभं, तोंड वर करून भुईत बसवलं होतं.

व्यंकट उठला. आत्ताच्या आत्ता उपटतो, म्हणला. रुक्मिणबाई दारात आडवी झाली. शीलानं दोघांना गप केलं. उद्या, म्हणली. उजेडात. पोरगी माझ्याजवळ पाहिजे.

सकाळी चौघं बागेत. शीला पोरीला मांडीवर घेऊन बांधावर बसली, एक हात तिच्या छातीवर. म्हातारी लांब उभी, तोंडाला पदर लावून. व्यंकटनं कुदळ घेतली. ढिगावर न्हाई, लांबून, हातभर लांबून पहिला घाव घातला.

ज्ञानू म्हणली, मम्मी, टोचलं.

"हळू घ्या," शीला म्हणली.

दुसरा घाव.

पोरगी ताठ झाली. तोंड उघडं, डोळे उघडे, आवाज न्हाई. शीलाच्या हाताखाली उजवी बाजू थांबली. भिंतीसारखी. ओठ जांभळे व्हायला लागले.

व्यंकटला शीलाचं तोंड दिसलं. त्यानं कुदळ फेकली अन् गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी माती परत लोटली. खड्ड्यात भरली. नखं फुटली तरी भरत राहिला. वरून थापली, जशी म्हातारीनं थापली असंल तशी.

मातीनं एकदा मोठा श्वास घेतला.

मंग पोरीनं.

 रुक्मिणबाई जवळ आली, खाली बसली, अन् ढिगावरचं एक ढेकूळ हलक्या हातानं उचलून बाजूला ठेवलं. लेकराच्या तोंडावरची माशी हाकलावी तसं.

तेव्हापासून बागेला पाणी बंद झालं. आधी व्यंकटनं त्या कोपऱ्याचंच ठिबक तोडलं होतं, पण काळ्या जमिनीत पाणी आतून आडवं चालतं. एका ओळीला सोडलं तरी इकडं पोरगी हुडहुडायची. म्हून सगळीच लाइन बंद. घड धरलेली झाडं उभ्या-उभ्या सुकली. व्यापारी आला, कपाळाला हात लावून गेला. लोक म्हणले, व्यंकटला येड लागलं, कॅनॉलला पाणी हाय अन् बाग वाळवून राहिला. त्यानं ऐकून घेतलं.  ज्या हातानं झाडं लावली त्याच हातानं तो ती तोडून बांधावर टाकत राहिला. पावसाळ्यात त्या जागेवर पत्र्याचं छप्पर घातलं, चारी बाजूंनी चर खणला. बाकी रान नांगरलं, कोपरा तेवढा ठेवला. रुक्मिणबाई रोज जाऊन पानं बदलायची.

पोरगी खुशाल होती. लातूरला नेलं, फोटो काढला. डॉक्टर राजशेखरनी उजेडावर धरला अन् म्हणले, एकदम साफ. सिस्टर, आता विसरा. शीलानं फोटो हातात घेऊन लई येळ बघितला. खरंच साफ होता. तिला वाटलं, एवढ्यावर निभावलं. बाग गेली, पोरगी राहिली. चालंल.

आता तुम्हाला केळीचं एक ठाऊक असंल. केळ एकटी राहत न्हाई. बुडाशी तिला पिल्लं फुटत्यात, मुनवे म्हणत्यात त्यांना. आई घडावर येईपर्यंत बाजूला ते मुंडकं काढत्यात. शेतकरी ते कापून टाकतो, न्हाई तर आईचा जोर जातो.

थंडी परत आली होती. शीला पत्र्याखाली वाकून बघायला गेली. ढीग होता, चालू होता, संथ. अन् त्याच्या बाजूला, वीतभर लांब, मातीला एक नवा फुगवटा आला होता. लिंबाएवढा.

तोबी वर-खाली होत होता.

भरभर. लई भरभर. शीलानं घड्याळ काढलं, मोजलं, अन् परत मोजलं. मोठ्या माणसाचा श्वास असा नसतो. तिसरीतल्या पोरीचाबी नसतो. हा तान्ह्या लेकराचा श्वास होता.

तिनं ज्ञानूला आणलं, बांधावर बसवलं, श्वास धरायला लावला. मोठा ढीग थांबला.

बारका थांबला न्हाई.

शीलाच्या घरात तान्हं नव्हतं, होणारबी नव्हतं. पण गावात होती. कोण गरोदर, कुणाचं कधी भरतं, कोण बाळंत झालं, सगळं तिला ठाऊक, तिचं कामच ते. ती घरोघर निघाली. बाळंतिणीच्या दारात बसायची, चहाला न्हाई म्हणायची, अन् पाळण्यातल्या बाळाच्या छातीवर नजर लावून श्वास मोजायची. एक बाळ झालं, दुसरं झालं, पार शेवटचं झालं. सगळ्यांचा श्वास त्या फुगवट्यासारखाच निघाला. तान्ह्या लेकरांचा सगळ्यांचा तसाच असतो. तिला ते आधीपासून मालूम होतं, तरी ती मोजत फिरली.

घरी येऊन तिनं व्यंकटला सांगितलं.  व्यंकट उठला, कॅनॉलच्या कडेचा एक मोठा धोंडा ढकलत-ढकलत आणला, अन् डोळे मिटून त्या बारक्या फुगवट्यावर ठेवला. खाली जरासं हललं. मंग बंद झालं. दोघं दिवसभर गावाचा कानोसा घेत बसले. कुठून रडणं आलं न्हाई, कुणी दवाखान्यात पळालं न्हाई. सगळी बाळं धडधाकट. ते काय होतं ते मातीतच राहिलं. पोरगी आता तिसरीत हाय, कबड्डी खेळती, तिला दम लागत न्हाई.

झाली गोष्ट. पण थांबा जरा. सुरुवातीला मी दातांची शप्पथ घातली होती ना? तो समोरचा दात मघापासून हलून राहिला. म्हून सांगून टाकते. सगळं खरं हाय, एक सोडून.

तो धोंडा मी ठेवला. गोष्ट संपवायला काही तरी लागतं. बागेत कुणी ठेवला न्हाई. व्यंकटनं आणला खरा, बांधापर्यंत आणला, पण तिथंच ठेवून घरी आला. कुणाच्या लेकरावर ठेवायचा, बापा?

फुगवटा तसाच हाय. शीला ड्युटी संपली की अजून घरोघर जाते. कुणाकडं बाळ झालं की पहिली हीच. लोक म्हणत्यात, अशी जीव लावणारी सिस्टर कुठं मिळायची न्हाई. गेल्या हप्त्यापासून त्या बारक्याचा मधीच एक श्वास चुकून राहिला. म्हून आता ती प्रत्येक पाळण्यापाशी जरा जास्त येळ बसते.